मेंढी, सोनं आणि एल्गार

राख, मान आणि नाव. फळ्यावर ही तीन चित्रं शेजारी शेजारी काढली की माझ्या क्लासमधलं कुणी ना कुणी दहा सेकंदांत ओरडतं, "राख्मानिनॉव्ह!" मेंढी आणि सोन्याची वीट म्हणजे मेंडेल्सोन. वाघ आणि त्याच्या शेजारी मिशीला पीळ देणारा माणूस म्हणजे वाघ-नर, वाग्नर. बूट आणि मान म्हणजे शूमान. (मान मला दोनदा उपयोगी पडते, पण काढायला महाकठीण. बाण काढून दाखवल्याशिवाय मुलं तिला बाटली समजतात.) खुंटीला अडकवलेली पोलिसाची वर्दी म्हणजे व्हेर्दी. बोरांचा वाटा, मग "ओ" दिल्यासारखं उघडलेलं तोंड, मग उगवता सूर्य, की झाला बोर-ओ-दिन. आणि घोड्यांची पागा, तिच्या दारात लिहिलेलं "नी नी", म्हणजे पागानिनी. या शेवटच्यावर मी बरीच वर्षं खूश होते. त्या खुशीचं पुढे काय झालं, ते सांगेनच.

मी पुण्यात पियानो शिकवते. "पियानो" हे पाटीवर. आत एक डिजिटल पियानो, तीन कीबोर्ड, एक फळा आणि पावसाळ्यात ओल येणारी एक भिंत आहे. येणारी मुलं बहुतेक मराठी घरांतली. घरी आजोबांची पेटी असते, गणपतीत आरत्या, दिवाळी पहाटेला नाट्यगीतं. बाख किंवा शोपँ त्यांच्या घरात येतो तो ग्रेडच्या परीक्षेचा फॉर्म भरल्यावर, आणि येतो तो थिअरीच्या वहीतून. बाख, १६८५ ते १७५०, बरोक. मोत्सार्ट, १७५६ ते १७९१, क्लासिकल. मुलं हे देश आणि राजधान्यांसारखं पाठ करतात, आणि परीक्षा झाली की तितक्याच वेगाने विसरतात.

कोड्यांची सुरुवात वीज गेल्यामुळे झाली. जूनचा पाऊस, संध्याकाळचे सहा, खोलीत सात मुलं आणि मुकी झालेली चार वाद्यं. खऱ्या पियानोला विजेचं काय! आमच्या वाद्यांना मात्र प्लग निघाला की जीव नाही. मी मेणबत्ती लावली आणि त्या उजेडात जी गोष्ट आठवली तीच सांगितली. हायडन एस्टरहाझी या सरदाराच्या पदरी होता. १७७२ साली उन्हाळी महालातला मुक्काम लांबतच गेला, वादकांची बायकापोरं दूर गावी. मालकाला तोंडावर सांगायचं कसं? हायडनने एक सिम्फनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून थांबतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून निघून जातो. अखेरीस दोन व्हायोलिनं उरतात. मालक काय ते समजला, आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायला सुरुवात झाली, असं सांगतात. गोष्ट संपल्यावर मुलांनी आमचीही मेणबत्ती विझवली, हे सांगायला नकोच. अंधारात कुणीतरी विचारलं, "ताई, नाव काय म्हणालात त्याचं?" वीज आल्यावर मी फळ्यावर हात हलवणारा एक मुलगा काढला आणि पुढे बरोबरची खूण. हाय. डन. कोडं निम्मं इंग्रजी, निम्मं ओढूनताणून. पण पुढच्या आठवड्यात सातही जणांना हायडन आठवत होता.

मग हात सुटला. इंग्रजी पुस्तकांतून असली कोडी मिळतात: भुंकणारा कुत्रा म्हणजे बाख, दाराची मूठ म्हणजे हँडेल, खरेदीची पिशवी म्हणजे शोपँ, लांबलचक यादी म्हणजे लिस्ट. ती मी आणून लावली, आणि पस्तावले. एका मुलीने वहीत शोपँचं स्पेलिंग चक्क "शॉपिंग"वरून लिहिलं. चूक तिची नव्हती. ती चित्रं त्यांच्या कानांसाठी काढलेली. बाखला "बार्क" करायला इंग्रजांची जीभ लागते. आपल्याकडे "ख" आहे, "बाख" म्हणायला आपल्याला काहीच त्रास नाही. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलाने शाळेचं बाक काढून आणलं, त्यावर "ख" बसवलेला. क्लासमधलं पहिलं शुद्ध मराठी कोडं त्याचं, माझं नव्हे.

नावाचा उच्चार हे प्रकरण माझ्या सरांकडून माझ्या अंगात भिनलेलं आहे. सर मूळचे गोव्याचे, गावच्या चर्चच्या शाळेत दो-रे-मी आणि व्हायोलिन शिकून आलेले, पुढे आयुष्यभर पुण्याच्या कॅम्पात राहिलेले. तुकडा वाजवायच्या आधी ते रचनाकाराचं नाव मोठ्याने म्हणायला लावत. नीट म्हटलं नाही तर वाजवू देत नसत. आणि असं असूनही स्वतः व्हेर्दीला कधीकधी "आमचो जुझे हिरवे" म्हणत. मला वाटे थट्टा आहे. फार नंतर कळलं की ते शब्दशः भाषांतर होतं. जुझेप्पे म्हणजे जुझे, आणि व्हेर्दी म्हणजे हिरवे. पोर्तुगीज येणाऱ्या माणसाला ते दिसायला कोशात डोकं घालावं लागत नाही. तेव्हापासून मला या नावांच्या मागे माणसं दिसायला लागली. बाख म्हणजे जर्मनमध्ये ओढा. वेबर विणकर. वाग्नर गाड्या बनवणारा. श्ट्राउस म्हणजे शहामृगही आणि फुलांचा गुच्छही. मोंतेव्हेर्दी म्हणजे हिरवा डोंगर. आमच्या पेठेत असता तर डोंगरे की हिरवे यावर पाटीपुढे वाद झाला असता.

काही नावं मात्र काही केल्या चित्रात बसत नाहीत. मोत्सार्टसाठी मी मोट काढली, तिच्यापुढे वाटीत सार आणि शेवटी "ट". मोट-सार-ट. कोडं चोख. पण मोट म्हणजे काय, हेच मुलांना ठाऊक नव्हतं. विहीर, बैल, चामड्याची भली मोठी बादली, सोंडेतून पडणारं पाणी, हे सगळं समजावण्यात अर्धा तास गेला आणि मोत्सार्ट राहिला तो राहिलाच. बीथोव्हनला बीट, मान डोलावून "हो" म्हणणारा माणूस आणि वन. चायकोव्स्कीच्या वेळी माझी बुद्धी फिरली. चहाचा कप, "को" आणि व्हिस्कीची बाटली. मुलं लोळून हसली. रात्री एका वडिलांचा फोन आला. ते रागावले नव्हते, पण "ताई, संगीताच्या क्लासात..." एवढंच म्हणून थांबले. मी दुसऱ्या दिवशी बाटली पुसून खोकल्याचं औषध केलं. उत्तर येईना. आजतागायत चायकोव्स्कीचं सभ्य चित्र मला सापडलेलं नाही.

दोन-तीन वर्षांत माझ्याकडे तीस-चाळीस कार्डं जमली. पुठ्ठ्याचे चौकोन, स्केचपेन, वर पारदर्शक चिकटपट्टी. पालकांसाठी आम्ही वर्षातून एकदा छोटा कार्यक्रम करतो. त्या वर्षी मी खोलीभर दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सगळी कार्डं टांगली. आया, बाबा, आजोबा, सगळे माना वर करून फिरत होते. "वाघ नर! वाग्नर!" एक आजोबा बोरांपाशी अडून बसले होते आणि नातीला उत्तर सांगू देत नव्हते. असं यश मला वादनाच्या कार्यक्रमात कधी मिळालेलं नाही.

चहाच्या आधी मला सुचलं की एक तुकडा लावावा आणि नाव विचारावं. मी मोत्सार्टची पंचविसावी सिम्फनी लावली, जी मायनरमधली. त्याने ती १७७३ साली, सतराव्या वर्षी लिहिली. पहिले स्वर झडले मात्र, आणि अख्खी खोली एका सुरात म्हणाली, "टायटन!"

सगळे हसले. मीही हसले. घड्याळांच्या त्या जाहिरातीने ही धून घराघरांत पोचवली, हे खरंच आहे. पण मोट, सार आणि ट त्यांच्या डोक्यावर दोन फुटांवर लटकत होतं. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच ते सोडवलं होतं. सूर माहीत, नाव माहीत, आणि दोघांची गाठ कुठेच पडलेली नाही. मग मी हट्टाने चाळिसावी लावली, तर एक काकू मान हलवत "इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा" गुणगुणू लागल्या. त्याही बरोबरच. सलिल चौधरींनी १९६१ च्या "छाया"त ती चाल तिथूनच घेतली आहे. म्हणजे मोत्सार्ट या खोलीत पन्नास वर्षं येऊन-जाऊन होता, फक्त त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. आणि मी इतके दिवस ज्याच्यासाठी पुठ्ठे कापत होते ते नाव म्हणजे नुसतं नाव होतं. ते सोडवायला कान लागतच नव्हते. बहिऱ्या माणसालाही माझी सगळी कोडी आली असती.

(बीथोव्हनचा विषय असताना हे वाक्य लिहायला नको होतं. राहू दे.)

त्यानंतर मी नावांऐवजी रचनांची चित्रं काढू लागले, आणि तिथे वेगळाच खड्डा निघाला. चंद्र आणि तळं काढलं की "मूनलाइट सोनाटा", छत्री आणि थेंब काढले की शोपँचा "रेनड्रॉप" प्रेल्यूड. पण बीथोव्हनने १८०१ मध्ये ती सोनाटा लिहिली तेव्हा तिच्यात चंद्र नव्हता. त्याने वर लिहिलं होतं ते एवढंच, की ही जवळपास एखाद्या फँटसीसारखी सोनाटा आहे. चांदण्यातल्या ल्यूसर्न सरोवराची उपमा रेल्श्टाब नावाच्या समीक्षकाची, आणि नाव रुळलं ते बीथोव्हन १८२७ मध्ये गेल्यावर. शोपँच्या प्रेल्यूडला पावसाचं नाव देणाराही शोपँ नव्हे. मी मात्र वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते, "डोळे मिटा आणि चंद्र बघा." बिचारी बघत होती. डाव्या हाताखाली तो बास कसा पायरी-पायरीने खाली उतरतो, इकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण सगळे वर आकाशात बघत होते.

म्हणून मग उलटं केलं. आधी ऐकायचं, आणि चित्र मुलांनी काढायचं. नाव शेवटी.

यासाठी मुसोर्ग्स्कीच्या "पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन"सारखी रचना नाही, कारण ती मुळातच चित्रांवरून आलेली आहे. त्याचा चित्रकार-वास्तुकार मित्र व्हिक्टर हार्टमान १८७३ मध्ये अचानक गेला. पुढच्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. ते पाहून मुसोर्ग्स्कीने पियानोसाठी ही माळ लिहिली. मधेमधे "प्रॉमनाड" येतं, म्हणजे एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रेक्षक, तोही पाचाच्या आणि सहाच्या मात्रांत पावलं टाकत. हार्टमानची बरीचशी चित्रं आता हरवली आहेत. अंड्याच्या टरफलातल्या पिल्लांच्या पोशाखाचं चित्र उरलंय. "बिद्लो"चं नाही. बिद्लो म्हणजे पोलिश भाषेत गुरंढोरं. तुकडा आहे बैल जोडलेल्या जड गाडीचा.

मी काही न सांगता तो वाजवला. डाव्या हातात खालच्या सप्तकातले जाड स्वरमेळ, एकसारखे, एकामागून एक. वर एक उदास चाल. मग कागद वाटले. बैलगाडी कुणीच काढली नाही. का काढावी? यातल्या निम्म्यांनी ती फक्त हुरडा पार्टीला पाहिलेली. दोन रोडरोलर आले, एक हत्ती, एक गणपती विसर्जनाचा ट्रक, आणि एका मुलीने काढला पाण्याचा टँकर. मे महिना होता. तिच्या सोसायटीत दिवसाआड टँकर येत होता. टँकरच्या मागून थेंब गळत होते, आणि पाईप धरून उभा असलेला माणूस कंटाळलेला होता.

त्या टँकरने मला स्वतःला एक गोष्ट शिकवली. या तुकड्याच्या दोन आवृत्त्या चालतात. मुसोर्ग्स्कीने सुरुवातीलाच फॉर्टिसिमो लिहिलं आहे, म्हणजे पहिल्या ठोक्याला पूर्ण जोर. तो १८८१ मध्ये गेला. १८८६ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादन करून ही माळ छापली, तेव्हा त्याने सुरुवात हळू केली आणि आवाज चढवत नेला. राव्हेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केलं ते याच छापील प्रतीवरून, त्यामुळे जगाच्या कानात हळू सुरुवातच बसली. मी हे आजवर संपादनाची भानगड म्हणून वाचलं होतं. आता मुलांना दोन्ही वाजवून दाखवलं आणि विचारलं, "पहिल्यात टँकर कुठे आहे? दुसऱ्यात कुठे?" टँकरवालीने लगेच सांगितलं, "दुसऱ्यात तो गल्लीच्या तोंडाशी आहे आणि हळूहळू येतोय. पहिल्यात दारातच उभा आहे, आणि आपण झोपलेलो होतो." मुसोर्ग्स्कीची बाजू याहून चांगली मांडलेली मी वाचलेली नाही.

होल्स्टचे "प्लॅनेट्स" ऐकले त्या दिवशी एक आजी नातवाला न्यायला लवकर आल्या आणि कोपऱ्यात बसून राहिल्या. १९१४ ते १९१६ मध्ये लिहिलेले सात ग्रह. पृथ्वी नाही, आणि प्लूटो तेव्हा सापडलाच नव्हता. मुलांचा प्रश्न ठरलेला, "सातच का? नऊ असतात ना?" आजी म्हणाल्या, "नवग्रहांत रवी-चंद्र धरतात, राहू-केतू धरतात. याने धरले नसतील." होल्स्ट खगोलाकडून नव्हे, ज्योतिषाकडून या ग्रहांकडे वळला होता, हे त्यांना मी सांगितलं. तो संस्कृतही थोडंफार शिकला होता, ऋग्वेदाच्या सूक्तांना त्याने स्वर दिले, सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. आजींना नवल वाटलं नाही. मंगळ युद्धाचा, हे त्यांना पटलं. पाच मात्रांचा तो ठेका त्या मांडीवर बोटांनी धरत होत्या. गुरू आनंदाचा, हेही ठीक. शनी म्हणजे म्हातारपण आणणारा, हे ऐकल्यावर म्हणाल्या, "त्याला बरं माहीत होतं."

आता एल्गार.

हे माझं सगळ्यात लाडकं कोडं, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य. एडवर्ड एल्गार हे नाव मराठीत आयतं तयार आहे. मी गडावरून तलवारी उपसून धावत सुटलेले मावळे काढले. मुलं म्हणाली, "हल्ला!", "मोर्चा!", "पावनखिंड!" शेवटी एकाने सांगितलं, "एल्गार!" आणि मी त्यांना जाड मिशांच्या त्या इंग्रज गृहस्थाचा फोटो दाखवला. हसं पिकलं. पण खरी गंमत पुढे होती, कारण हा माणूस स्वतःच कोडी घालणारा. १८९९ मध्ये लंडनला त्याची "एनिग्मा व्हेरिएशन्स" पहिल्यांदा वाजली. एनिग्मा म्हणजे कूटच. एक मूळ चाल आणि तिची चौदा रूपं, प्रत्येक रूप म्हणजे जवळचं एकेक माणूस, बहुतेकांवर फक्त आद्याक्षरं. पहिलं बायकोचं, शेवटचं स्वतःचं. अकराव्यावर हेरेफर्ड कॅथीड्रलच्या ऑर्गनवादकाची आद्याक्षरं आहेत, पण आत आहे त्याचा बुलडॉग, डॅन. तो वाय नदीच्या काठावरून घसरतो, पाण्यात हातपाय मारतो, बाहेर येऊन आनंदाने भुंकतो, हे सगळं पहिल्या काही आवर्तनांतच. मुलांनी ते चार वेळा लावायला लावलं. चौथ्या वेळी भुंकणं कुठे येतं ते त्यांना माझ्याआधी कळत होतं.

नववं रूप "निम्रोद". हा एल्गारचा मित्र ऑगस्ट येगर, नोव्हेलो या संगीत प्रकाशन संस्थेत काम करणारा. येगर या जर्मन शब्दाचा अर्थ शिकारी. बायबलमधला नावाजलेला शिकारी कोण? निम्रोद. हे वाचलं तेव्हा मी स्केचपेन हातात धरून बसले होते, आणि मला अगदी घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. नाव घ्यायचं, अर्थ काढायचा, अर्थाचं चित्र शोधायचं, आणि ते चित्र पुढे करायचं. पुठ्ठे कापत मी जे करते, तेच. फरक इतकाच, की त्याच्या कोड्याचं उत्तर सापडल्यावर संगीत सुरू होतं आणि माझ्या कोड्याचं उत्तर सापडल्यावर मुलं पाणी प्यायला जातात. शिवाय एल्गार म्हणून गेला, की या सगळ्या रूपांवरून आणखी एक मोठी चाल जाते, ती कुठेच वाजत नाही. ती कोणती हे न सांगता तो १९३४ मध्ये गेला. अजून लोक ती शोधताहेत.

त्यावरून आम्ही स्वरांत लपवलेल्या नावांकडे गेलो. जर्मन पद्धतीत "बी" म्हणजे आपला कोमल नी आणि "एच" म्हणजे शुद्ध नी, त्यामुळे बाखला आपलं नाव सरळ वाजवता येत होतं. पांढरी एकला सा धरलं तर कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. "आर्ट ऑफ फ्यूग"च्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये ते चार स्वर येतात आणि थोड्याच वेळात कागद कोरा होतो. मी ते फळ्यावर लिहिलं नाही, नुसतं वाजवलं. चार पट्ट्या, एकमेकींना खेटून, जागच्या जागी वळसा घेतल्यासारख्या. शोस्ताकोविचनेही नावातली चार अक्षरं घेऊन १९६० च्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटची सुरुवात त्यांवरच बांधली: रे, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी. शूमानने तर "कार्नव्हाल"मध्ये किल्लीचे स्वर छापून ठेवले आणि ते वाजवायचे नसतात. त्याच्यासारखं कोडं घालणं मला जमणार नाही.

मुलं म्हणाली, आपणही करू. आपल्याकडे सा रे ग म प ध नी, यांत बसणारे शब्द शोधायचे. सारे. मग. धनी. साप. एक जण तासभर कीबोर्डवर डोकं खाली घालून बसला होता. मग उठून म्हणाला, "ताई, तुम्ही पागा कशाला काढता?"

"म्हणजे?"

"नावच वाजवा ना." आणि त्याने वाजवलं: प, ग, नी, नी.

माझी पागा, तिच्यातले घोडे, दारातलं ते "नी नी", सगळं इतकी वर्षं तिथे लटकत होतं, आणि त्यातलं पा-गा मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. अर्ध्या नावाला मी स्वर वापरले होते आणि अर्ध्याला तबेला. ते कार्ड मी त्याच संध्याकाळी दोरीवरून काढलं.

"साप" मात्र टिकला. सा आणि प, म्हणजे पंचमाचं अंतर, हे मी दहा वर्षं "परफेक्ट फिफ्थ" म्हणून घोकून घेत होते आणि दर परीक्षेत निम्मी मुलं ते चौथ्याशी घोळत होती. आता कानाची परीक्षा घेताना कुणी "फिफ्थ" म्हणत नाही, "साप" म्हणतात. प वरून सा वर उतरलं की "उलटा साप". बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीची सुरुवात लावली, जिथे फक्त उघडा पंचम धुक्यासारखा थरथरत राहतो, तेव्हा मागून आवाज आला, "किती साप आहेत!" त्यांना चित्र काढायला मी सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा जण मुंबईला एनसीपीएला गेलो, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला. सकाळची गाडी, डब्यात पोळीभाजी, आणि सगळ्यात धाकट्याकडे कोड्यांची वही. जे ओळखेल त्याचं चित्र आणि खाली रचनाकाराचं नाव लिहायचं, असा त्याचा नियम. दिवे मंद झाले. ओबोने एक लांब स्वर धरला आणि व्हायोलिनं आपापल्या तारा त्याच्याशी जुळवू लागली, दोन-दोन तारा एकदम ओढत. धाकटा खुर्चीत उभाच राहिला.

"ताई! साप!"

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून पाहू लागले. मी त्याला खाली बसवलं. तो कुजबुजला, "एक नाही, तीन आहेत. कुणाचं आहे हे?" मी सांगणार तोवर कंडक्टर आला आणि टाळ्या सुरू झाल्या.

रात्री परतीच्या बसमध्ये मी त्याची वही पाहिली. चार उभ्या रेघा, तारा असाव्यात, आणि त्यांच्यामधून तीन साप. खाली नावासाठी त्याने नेहमीसारखी रेघ ओढली होती. तिच्यावर काही लिहिलं नव्हतं.